कुत्रीच्या गर्भाशयात पू: ऑपरेशनआधीचे तास, टेबलावरचे काम आणि नंतरचे दहा दिवस

नाशिकच्या परिसरात हा आजार दोन वेशांत भेटतो. गंगापूर रोडच्या फ्लॅटमधली सात-आठ वर्षांची लॅब्रेडॉर "दोन दिवस जेवत नाही, पाणी मात्र भांडंच्या भांडं पिते" म्हणून येते. निफाड-दिंडोरीच्या मळ्यावरची कुत्री येते तेव्हा पोट फुगलेलं असतं आणि मालक खात्रीने सांगतो की ती गाभण आहे. आतला प्रकार एकच, पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात साठलेला पू. उपायही बहुतेक वेळा एकच, दोन्ही अंडाशयांसह गर्भाशय काढून टाकणे.

हे टिपण मुख्यतः तालुक्याच्या ठिकाणी नव्याने क्लिनिक सुरू केलेल्या पशुवैद्यकांसाठी आहे. कुत्री पाळणाऱ्यांनी सुरुवातीचा ओळखण्याचा भाग आणि शेवटचा घरच्या काळजीचा भाग जरूर वाचावा. मधली शस्त्रक्रिया नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायची आहे. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानेही ती इतर कोणी करू शकत नाही, मग तो जनावरांना इंजेक्शनं देणारा कितीही अनुभवी माणूस असो.

आमचं मुख्य म्हणणं आधीच सांगतो. ही शस्त्रक्रिया आजची असते, पुढच्या रविवारची नसते. पण 'आज' म्हणजे कुत्री दारातून थेट टेबलावर असंही नाही. मधले दोन ते सहा तास सलाईन, अँटिबायोटिक आणि तपासण्यांचे असतात. मरणाऱ्या कुत्र्यांपैकी बऱ्याच याच तासांच्या घाईने किंवा त्याआधीच्या आठवड्याच्या ढिलाईने मरतात. सुरी त्या मानाने कमी जणींना मारते.

पू का होतो

माज संपल्यावर, गर्भ राहो वा न राहो, कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन साधारण दोन महिने चढं राहतं. या संप्रेरकाने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, ग्रंथी स्रवत राहतात, स्नायूंचं आकुंचन मंदावतं, मुख बंद होतं आणि तिथली प्रतिकारशक्तीही दबते. माजाच्या काळात योनीमार्गातून वर गेलेल्या जंतूंना, बहुतेक वेळा ई. कोलायला, आयतं घर मिळतं. दर माजागणिक अस्तर थोडं अधिक बिघडतं, म्हणून आजार मध्यम वयानंतर वाढतो. पण दोन-तीन वर्षांच्या कुत्रीलाही तो होतो, तेव्हा वय बघून शक्यता बाद करू नये. स्वीडनमध्ये पाळीव कुत्र्यांच्या विम्याच्या नोंदींवरून दिसलं की नसबंदी न झालेल्या साधारण चारांतल्या एका मादीला दहा वर्षांच्या आत हा आजार होतो.

माज थांबवण्यासाठी दिलेलं प्रोजेस्टेरॉन वर्गातलं इंजेक्शन आणि नको असलेला गर्भ राहू नये म्हणून दिलेलं इस्ट्रोजेन, दोन्ही हा धोका वाढवतात. कुत्री आजारी पडल्यावर मालकाला हे मुद्दाम विचारावं. तो आपणहून सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते किरकोळ इंजेक्शन असतं.

ओळख

पहिला प्रश्न नेहमी तारखेचा: शेवटचा माज कधी होता? उत्तर 'दोन ते आठ आठवड्यांपूर्वी' असेल आणि कुत्री मलूल असेल, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत पायोमेट्राच धरावा. बारा आठवड्यांपर्यंतही तो दिसतो. घरी कुत्री असेल तर प्रत्येक माजाची पहिली तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. डॉक्टरला या एका तारखेचा जेवढा उपयोग होतो, तेवढा अर्ध्या तासाच्या वर्णनाचा होत नाही.

गर्भाशयाचं मुख उघडं असेल तर शेपटीखाली पिवळट, तपकिरी किंवा रक्तमिश्रित, वास येणारा स्राव दिसतो. कुत्री तो सारखा चाटून साफ करते, म्हणून बसण्याच्या जागेवरचे डाग बघा. मुख बंद असेल तर बाहेर काहीच येत नाही, पोट फुगतं आणि कुत्री वेगाने ढासळते. धोका या दुसऱ्या प्रकारात जास्त आहे, कारण पुवाला वाट नसते आणि गर्भाशय फुटूही शकतं.

पाणी जास्त पिणं हे सर्वांत दुर्लक्षित लक्षण. जंतूंचं विष मूत्रपिंडाला लघवी घट्ट करू देत नाही, त्यामुळे लघवी वाढते आणि मागोमाग तहान वाढते. मोजायची रीत सोपी आहे: सकाळी बाटलीने मोजून पाणी भरा, चोवीस तासांनी उरलेलं वजा करा. दिवसाला किलोमागे १०० मिलिपेक्षा जास्त, म्हणजे २० किलोच्या कुत्रीने दोन लिटरच्या वर पाणी प्यायलं, तर ते जास्तच. मे महिन्यात सगळीच कुत्री पाणी पितात हे खरं, पण रात्री उठून घरात लघवी करणारी कुत्री उन्हाने तसं करत नाही.

तापावर विसंबू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असतं. पायोमेट्रात ते वाढलेलं, अगदी नेहमीचं किंवा खाली गेलेलंही असू शकतं. ९९च्या खाली आलेली मलूल कुत्री ही १०४ ताप असलेल्या कुत्रीपेक्षा जास्त गंभीर समजा.

घरी करायचं ते एवढंच: पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यातलं काहीही देऊ नका, पोट दाबून बघू नका, आणि सकाळची वाट बघू नका. सुरगाणा किंवा पेठकडून घाटातून येणाऱ्यांनी निघण्याआधी फोन करून सोनोग्राफी आणि भूल देण्याची सोय कुठे आहे ते विचारावं. तीन ठिकाणी हेलपाटे घालण्यात गेलेले तास परत मिळत नाहीत. शहरातल्या काही मालकांचा कुत्री थेट मुंबईला न्यायचा हट्ट असतो. कसारा घाटातून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, सलाईन न लावता, रक्तदाब पडलेली कुत्री गाडीच्या मागच्या सीटवर नेणं हा चांगल्या उपचारांचा मार्ग नव्हे. हे ऑपरेशन नाशिकमध्ये नीट होऊ शकतं. त्याला मोठं यंत्र लागत नाही. लागतं ते भुलेवर लक्ष ठेवणारं एक वेगळं माणूस.

तपासण्या

सोनोग्राफीत द्रवाने भरलेली, फुगलेली गर्भाशयाची शिंगं (त्याच्या दोन लांब फांद्या) दिसतात आणि गर्भ आहे की पू हेही बहुधा तिथेच कळतं. गर्भ साधारण २५ दिवसांनंतर हृदयाच्या ठोक्यांसह दिसतो. एक्स-रेवर पिल्लांची हाडं मात्र ४५ दिवसांच्या आसपास दिसू लागतात, त्याआधीचा एक्स-रे गर्भ आणि पू यांत फरक करू शकत नाही. पोटातून सुई घालून लघवी काढायचा मोह टाळा. फुगलेलं शिंग मूत्राशयाला चिकटूनच असतं, सुई त्यात गेली तर पू पोटात सांडतो. शिंगात सुई घालून 'पूच आहे ना' याची खात्री करणं तर मुळीच नको.

रक्तात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन, युरिया, अल्ब्युमिन, साखर आणि प्लेटलेट हव्यात. पांढऱ्या पेशी बहुधा खूप वाढलेल्या असतात. त्या कमी झालेल्या दिसल्या तर खुश होऊ नका, शरीराचा साठा संपत आल्याची ती खूण आहे. साखर ग्लुकोमीटरवर लगेच बघा, प्रयोगशाळेच्या रिपोर्टची वाट बघू नका.

टेबलाआधीचे तास

पुढच्या पायात २० किंवा १८ गेजची कॅथेटर, शक्य असेल तर दोन पायांत दोन. रिंगर लॅक्टेट किलोमागे १० ते २० मिलि, १५ ते २० मिनिटांत. मग थांबून नाडी, हिरड्यांचा रंग, दाबल्यावर रंग परत यायला लागणारा वेळ आणि हृदयाचे ठोके बघा. रंग दोन सेकंदांत परत येत नसेल तर तोच डोस पुन्हा. २० किलोच्या कुत्रीला पहिल्या तासात ६०० ते ८०० मिलि लागणं विशेष नाही. सुधारणा न दिसता सलाईन ओतत राहू नका. श्वास जड झाला तर थांबा, छाती ऐका.

साखर ६०च्या खाली असेल तर २५ टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे १ ते २ मिलि हळूहळू शिरेतून द्या आणि पुढच्या सलाईनमध्ये अडीच टक्के डेक्स्ट्रोज ठेवा. त्यासाठी ५०० मिलिच्या बाटलीतून ५० मिलि काढून तेवढंच २५ टक्के डेक्स्ट्रोज भरायचं.

अँटिबायोटिक सलाईनबरोबरच सुरू होतं, ऑपरेशननंतर नव्हे. अॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट किंवा सेफाझोलिन किलोमागे २२ मिग्रॅ शिरेतून, चीर देण्याआधी अर्धा ते एक तास. सेफाझोलिन असेल तर काम लांबल्यास दर दीड तासाने पुन्हा. कुत्री सेप्सिसमध्ये असेल, म्हणजे संसर्गाचा परिणाम अंगभर झाला असेल, तर एनरोफ्लॉक्सासिन जोडतात. ते पातळ करून, सावकाश. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम या टप्प्यावर नको: मूत्रपिंडाला आधीच रक्त कमी पडत असतं.

किती थांबायचं? रक्तदाब वर आला, हिरड्या गुलाबी झाल्या, कुत्री मान वर करून बघू लागली की ऑपरेशनला घ्या. बहुतेकींना दोन-तीन तास पुरतात. सहा तासांनंतरही सुधारणा नसेल तर कारण आत पोटातच आहे, तेव्हा आणखी थांबून काही हाती लागणार नाही. "दोन दिवस सलाईन लावून ताकद आणू, मग करू" हा सल्ला सगळ्यात महागात पडतो. पू आत असेपर्यंत ताकद येत नाही.

औषधांनी मुख उघडून पू बाहेर काढायचा मार्ग आहे, पण तो पैदाशीसाठी ठेवलेल्या, तरुण, मुख उघड्या आणि एरवी तंदुरुस्त कुत्रीपुरता. बंद मुखाच्या गर्भाशयावर प्रोस्टाग्लँडिन देणं म्हणजे ते फुटण्याची जोखीम घेणं. शिवाय पुढच्या माजानंतर आजार परत येऊ शकतो.

मालकाशी बोलताना आकडे लपवू नका. वेळेत शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेक कुत्र्या वाचतात, मोठ्या नोंदींमध्ये मृत्यूचं प्रमाण ३ ते ४ टक्क्यांच्या आसपास आहे. गर्भाशय फुटून पोटात पू पसरला असेल तर चित्र एकदम बदलतं. हे सांगून संमतीपत्रावर सही घ्या.

भूल

झायलाझिन-केटामिनची सवय असलेल्यांनी इथे झायलाझिन बाजूला ठेवावं. ते हृदयाची गती आणि पंप होणारं रक्त दोन्ही कमी करतं. अॅसेप्रोमॅझिनही रक्तदाब पाडतं. ब्युटॉरफॅनॉल किलोमागे ०.२ मिग्रॅ आणि मिडाझोलाम ०.२ मिग्रॅ, मग तोंडाला मास्क लावून तीन ते पाच मिनिटं ऑक्सिजन, आणि प्रोपोफॉल हळूहळू, श्वासनळीत नळी घालता येईल एवढंच. निरोगी कुत्रीला लागतं त्याच्या निम्म्यातही काम होतं, म्हणून पूर्ण मोजलेला डोस एकदम ढकलू नका. प्रोपोफॉल नसेल तर किलोमागे केटामिन ५ मिग्रॅ आणि डायझेपाम ०.२५ मिग्रॅ चालतं. नळी टोकाशी हवेने फुगणारा फुगा (कफ) असलेलीच हवी, कारण या कुत्र्यांना उलटी होऊन ती फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. पुढे आयसोफ्लुरेन, साधारण १ ते २ टक्के.

चीर द्यायच्या रेषेवर लिग्नोकेन टोचलं की आयसोफ्लुरेन कमी लागतं. मर्यादा किलोमागे ४ मिग्रॅ धरा: २० किलोला २ टक्क्यांचं ४ मिलि, तेवढंच सलाईन मिसळून ८ मिलि करून रेषेभर पसरवा.

वरचा रक्तदाब ९०च्या खाली गेला तर आधी आयसोफ्लुरेन कमी करा, मग किलोमागे ५ ते १० मिलि रिंगर द्या, तरीही न सुधारल्यास नॉरअॅड्रेनालिन. कुत्रीला पाठीवर झोपवल्यावर पुवाने जड झालेलं गर्भाशय मोठ्या शिरेवर दाब देतं, म्हणून टेबल एका बाजूला किंचित कलतं ठेवा. डिसेंबर-जानेवारीत निफाड पट्ट्यात थंडी कडाक्याची असते, आणि उघड्या पोटातून उष्णता भराभर जाते. टेबलावर गादी, पायांना मोजे, कोमट बाटल्या टॉवेलात गुंडाळून. उघडी गरम बाटली कातडीला लावली तर भाजतं, आणि भुलेतली कुत्री ओरडून सांगू शकत नाही.

पोट उघडल्यावर

मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीत हात बसलेल्यांना छोट्या किंवा कुशीवरच्या चिरेची सवय असते. पायोमेट्राला ती चालत नाही. चीर मधोमध, बेंबीच्या थोडी वरून जघनास्थीच्या जवळपर्यंत. लहान चिरेतून फुगलेलं शिंग ओढलं तर ते तिथेच फाटतं. हुक वापरू नका.

लघवी काढायची तर कॅथेटरने, बाहेरून पोट दाबून नाही. कॅथेटर जमली नाही तर पोट उघडल्यावर बारीक सुईने मूत्राशय रिकामं करा. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाच्या मुखापाशी मूत्रवाहिन्या पुढे आणतं, आणि मूत्रवाहिनी टाक्यात अडकणं ही या ऑपरेशनमधली सर्वांत वाईट चूक आहे.

आधी मॉप (रक्त टिपायच्या कापडी घड्या) मोजून फळ्यावर आकडा लिहा. मग लिनिया अल्बा, म्हणजे पोटाच्या मधोमधचा पांढरा पडदा, चिमट्याने वर उचला, पात्याची धार वर ठेवून छोटं भोक करा आणि पुढे कात्रीने वाढवा. खाली लगेच ताणलेलं गर्भाशय असू शकतं. ते दोन्ही तळव्यांवर उचलून बाहेर घ्या. ओढू नका. पुवाने ताणलेली भिंत भिजलेल्या पापडासारखी असते. बाहेर आल्यावर भोवती ओले मॉप पसरून पोट झाकून टाका, म्हणजे काही सांडलंच तर ते बाहेर राहील.

अंडाशयांपाशी रक्तवाहिन्या नेहमीपेक्षा जाड असतात. उजवं अंडाशय जास्त पुढे, मूत्रपिंडाच्या मागच्या टोकाजवळ असतं, म्हणून तिथे चीर पुढे वाढवायला लाजू नका. तीन क्लॅम्प लावा, सर्वांत आतला काढून त्याच खाचेत पहिली गाठ, तिच्या वर दुसरी. धागा पॉलिग्लॅक्टिन किंवा पॉलिडायॉक्सॅनोन, लहान कुत्रीला टू-झीरो, २५ किलोच्या वर वन-झीरो. कॅटगट नको, संसर्गाच्या जागी ते लवकर विरतं. कापल्यावर कडा चिमट्याने धरून ठेवूनच खाली सोडा, रक्त येत नाही हे बघा, मग चिमटा काढा. अंडाशयाची पिशवी उघडून पूर्ण अंडाशय निघालं की नाही ते दोन्ही बाजूंना तपासा. इथे राहिलेला मटराएवढा तुकडाही पुढे त्रास देतो.

गर्भाशयाच्या रुंद पडद्यात लठ्ठ किंवा वयस्क कुत्रीला मोठ्या शिरा असतात. हाताने फाडायचा नेहमीचा सोपा मार्ग इथे सोडून भागाभागाने बांधा.

मुखाजवळ सुजलेल्या भागावर क्लॅम्प घट्ट दाबला तर तो भाग कापून जातो. म्हणून राहणाऱ्या बाजूला क्लॅम्प न लावता थेट बांधा: दोन्ही बाजूंच्या धमन्या वेगवेगळ्या, सुई वरवरच्या थरातून घेऊन, पोकळीत न जाता. मग मुखाच्या पातळीवर एक गोल गाठ. निघून जाणाऱ्या बाजूला क्लॅम्प लावा, म्हणजे पू मागे राहील, आणि दोहोंच्या मधे कापा. गर्भाशयाचा भाग मागे ठेवू नका. मागे राहिलेल्या ठुणक्याचं तोंड सलाईनच्या बोळ्याने पुसून घ्या. ते आत दुमडून शिवायची गरज नाही, उलट त्या घडीत पू अडकतो.

काढलेल्या गर्भाशयातून कल्चरसाठी स्वॅब घ्या, पण पोटापासून दूर दुसऱ्या टेबलावर. पहिल्या अँटिबायोटिकला जंतू दाद देत नाही असं चौथ्या दिवशी लक्षात आलं तर हा स्वॅबच कामाला येतो. अवयव पिवळ्या पिशवीत, २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे. घंटागाडीत नाही, मळ्यात पुरून तर नाहीच.

काही सांडलं नसेल तर सगळं पोट धुवत बसू नका. सांडलं असेल तर अंगाच्या उष्णतेचं निर्जंतुक सलाईन भरपूर वापरा, २० किलोच्या कुत्रीला तीन-चार लिटर, पाणी स्वच्छ येईपर्यंत. ओतलेलं सगळं सक्शनने परत काढा. आत राहिलेला द्रव जंतूंनाच मदत करतो. पोटात पोव्हिडोन आयोडीन टाकू नका.

अंडाशयाचा बांधलेला देठ सुटून आत गेला तर आंधळेपणाने क्लॅम्प मारत सुटू नका, मूत्रवाहिनी त्याच शेजारात आहे. उजवीकडे ग्रहणी (लहान आतड्याचा पहिला भाग) उचलून तिच्या पडद्याने आतडी डावीकडे सारा, डावीकडे मोठं आतडं उचलून आतडी उजवीकडे सारा. मूत्रपिंडामागची खोबण उघडी पडते आणि रक्त कुठून येतंय ते दिसतं.

बंद करण्याआधी हातमोजे आणि हत्यारं बदला, मॉप मोजा. आकडा जुळत नसेल तर शिवू नका. पोटाच्या भिंतीत ताकद असते ती पांढऱ्या पडद्यात, स्नायूत नाही. टाका कडेपासून ५ ते १० मिलिमीटरवर आणि तेवढ्याच अंतराने. धागा पॉलिडायॉक्सॅनोन. कातडीला नायलॉन.

पहिले दोन दिवस

शुद्धीवर येईपर्यंत दर १५ मिनिटांनी तापमान, नाडी, हिरड्या. सलाईन २४ ते ४८ तास. लघवी किलोमागे तासाला १ ते २ मिलि व्हायला हवी. ती होत नसेल तर आधी रक्तदाब बघा, मग मूत्रवाहिनीचा विचार करा. साखर दर चार-सहा तासांनी. वेदनेला ब्युप्रेनॉर्फिन किलोमागे ०.०१ ते ०.०२ मिग्रॅ. ब्युटॉरफॅनॉलचा असर तास-दीड तासात ओसरतो, रात्रभर त्यावर ठेवणं म्हणजे कुत्री दुखत पडली आहे हे न बघणं. मेलॉक्सिकॅम दुसऱ्या दिवशी, कुत्री खात-पीत असेल आणि क्रिएटिनिन ठीक असेल तरच.

पहिल्या चोवीस तासांत हिरड्या पांढऱ्या पडत चालल्या, ठोके वाढले, पोट भरू लागलं तर रक्तस्राव धरा. सुईने पोटातला द्रव काढून त्यातलं रक्तपेशींचं प्रमाण आणि शिरेतल्या रक्तातलं प्रमाण ताडून बघा. जवळ आलेलं असेल तर पुन्हा उघडावं लागेल. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात पुन्हा उलट्या, ताप, पोट धरून उभं राहणं दिसलं तर पोटात संसर्ग पसरल्याची शंका घ्या.

गुंतागुंत नसलेल्या कुत्रीला अँटिबायोटिकचा लांबलचक कोर्स लागत नाही. पोटात पू पसरला असेल किंवा सेप्सिस असेल तर कल्चरप्रमाणे पाच ते सात दिवस किंवा जास्त.

घरी

शुद्धीवर नीट आल्यावर सहा ते बारा तासांत थोडंसं खायला द्या: उकडलेलं चिकन आणि मऊ भात, मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण अजिबात नाही. थोडं थोडं, दिवसातून चार वेळा.

गळ्यात शंकू दहा दिवस, रात्रीसुद्धा. "आमची चाटत नाही" म्हणणाऱ्यांच्या कुत्र्या रात्री दोन वाजता चाटतात. टाक्यांवर हळद, खोबरेल, राख काही नको. जखम कोरडी ठेवा, आंघोळ दोन आठवडे नाही. फिरणं फक्त पट्ट्याला बांधून, शी-शूपुरतं. जिने चढवू नका, लिफ्ट नसेल तर उचलून न्या. मळ्यावरची कुत्री मोकळी सोडली की ती ट्रॅक्टरमागे धावणारच, म्हणून तिला ओसरीत बांधा.

जखमेतून गुलाबी पाणी गळू लागलं तर फोटो पाठवत बसू नका, कुत्री घेऊन या. आतला थर सुटत असल्याची ती पहिली खूण असते, आणि ती बहुधा चौथ्या ते सातव्या दिवसात दिसते. टाके दहाव्या ते चौदाव्या दिवशी निघतात.

पाणी जास्त पिणं लगेच थांबत नाही, काही दिवस घेतं. टाके काढताना क्रिएटिनिन पुन्हा तपासा. आधी वाढलेलं असेल तर ते खाली आलंय का हे याच वेळी कळतं, आणि आलं नसेल तर मूत्रपिंडाचा वेगळा उपचार सुरू करावा लागतो.

काही महिन्यांनी कुत्री पुन्हा माजावर आल्यासारखी वागली, कुत्रे तिच्या मागे लागले, तर अंडाशयाचा तुकडा राहिला आहे असं समजा. त्या दिवसांतच योनीतल्या पेशींची स्लाइड आणि सोनोग्राफी करून घ्या, कारण तुकडा तेव्हाच मोठा असतो आणि दिसतो. तो राहू दिला तर ठुणक्यात पुन्हा पू होऊ शकतो, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा किचकट असतं.